पडद्यावरचं घर

लिहिण्याचा मला अधिकार नाही. निवृत्तीनंतर प्रथमच हे धाडस करते आहे, त्याबद्दल क्षमा असावी. हकिगत ब्रह्मपुरीचे पडदे रंगवणारे रशीदभाऊ यांची आहे, त्यांनी मला सांगितली तशी.

बाई, माहे अब्बा दुकानाच्या पाट्या रंगवत, मी नाटकाचे पडदे रंगवू लागलो, महाल, जंगल, गाव. गावाच्या पडद्याची आमची एक रीत होती, जो जेवू घालन त्याचंच घर काढाचं. काय सांगू तुम्हाले, लोक नाटक पाहाले आले का पोरायले दाखवत, ते पाय आपलं घर! नव्वद सालाच्या आसपास नदीपल्याड एका गावी मंडईच्या जत्रेतल्या नाटकासाठी गेलो, तिथी केवळरामभाऊनं मले चार दिवस जेवू घातलं. बौद्ध माणूस, धानाची शेती, निळा दरवाजा, बाजूले मोहाचं झाड. मी सगळं हुबेहूब काढलं. तो म्हणे, दरवाज्याचा उडालेला रंग तरी लपवा ना भाऊ. मी म्हणलो नाई, हाये तसंच काढन.

मग सरकारी साहेब लोकायनं गावोगाव नाटक सुरू केलं, जंगलवाल्यायले, म्हणजे नक्षलवाद्यायले, साथ देऊ नका म्हणून, अन् गावाचा तोच पडदा माह्याकडून नेला. नाटकात काय हाये, मी विचारलंच नाई. ते लागलं त्याच गावात. त्यातला हिरो पडद्यावरच्या त्या निळ्या दरवाज्यापासून निघे अन् जंगलवाल्यायचा ठिकाणा पोलिसायले सांगे. लोक हासून राह्यले, काऊन केवळरामभाऊ, कधी सांगतलं हो, आमाले पत्ताच नाई! तोही हासला, म्हणे, मले बायको घरात बोलू देत नाई, पोलिसायले काय सांगन!

आठ दिवसात जंगलवाले त्याले घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी रस्त्यावर मेलेला सापडला, छातीवर चिठ्ठी, खबऱ्या.

साहेब पुन्हा आले, म्हणे त्याचा मोठा फोटो रंगवा, खाली लिहा, शहीद, सरकारचा साथीदार. मी त्याच्या बायकोले विचारलं. बायको म्हणे, भाऊ, त्यानं कोणालेच काई सांगतलं नाई, मेल्यावर तरी त्याच्या नावानं खोटं लिहू नका. मी नाई म्हणलो. साहेबानं दुसरा पेंटर आणला. चौकात लागला तो फोटो, चेहरा बी नीट जमला नाई त्याले.

आता मी महाल अन् जंगलच काढतो, गाव काढत नाई. नमाजनंतर त्याच्यासाठी दुआ मागतो. तुमी शिकलेल्या हाये बाई, तुमीच सांगा मले.

त्यांचा तोच प्रश्न मी तुम्हाला विचारते : रशीदभाऊंनी ते घर काढले नसते, तर केवळराम वाचला असता का?