मधला थर

चौदा डिसेंबर दोन हजार एकोणीस, शनिवार, हिवाळा, दुपारचे साडेतीन... तारीख एवढी नेमकी कशी लक्षात राहिली, असं विचारू नका, मी विसरायला एका पायावर तयार आहे, पण विसरू देतंय कोण? सरकारी कागदावर छापली आहे ती, शिक्क्यासकट, तिच्या शेजारी माझं नाव, आणि नावापुढे काय लिहिलंय... ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तुम्ही हसाल आणि पुढचं ऐकणार नाही.

तुम्हाला सांगतो, मी कमी बोलणारा माणूस. विचारा कुणालाही. एकेचाळीस वर्षं भट्टीवर काढली. पाणी गाळायच्या फिल्टरमध्ये पांढरी मातीची कांडी असते ना, ती भाजायचं काम. त्या एकेचाळीस वर्षांत मी जेवढं बोललो तेवढं न्हावी सकाळच्या दोन गिऱ्हाइकांत बोलून मोकळा होतो. शिक्षण चौथी. पण भट्टीच्या भोकातून आत बघून आच किती ते सांगायचो, मग साहेब आपला मीटर बघायचे. मीटर चुकलेला असायचा.

तर आमची सूनबाई. ती शिकलेली, मातीचीच इंजिनियर, म्हणजे मी जे हाताने केलं ते ती आधी कागदावर करते. तिने मागच्या खोलीत विजेची छोटी भट्टी बसवली आणि एक वस्तू करायला घेतली. वस्तू केवढी? करंगळीच्या पेराएवढी. मुठीत मावणारं एक यंत्र, त्यात दम्याच्या औषधाचे चार थेंब, बटण दाबलं की वाफ, ती ओढायची. आता औषध आणि तापलेली तार यांच्यामध्ये मातीचा गाभा लागतो, सगळा भोकाभोकांचा, तो औषध शोषून तारेपर्यंत नेतो. जास्त नेलं तर यंत्र थुंकतं, कमी नेलं तर करपट वास. एवढीच वस्तू, आणि तिच्यापायी तीन वर्षं.

मी आधी म्हटलं, ओढायचं यंत्र, आपल्या घरात? सिगरेटची धाकटी बहीणच की ही. पंधरा दिवस तिच्याशी अबोला धरला. तिला ते कळलंच नाही, कारण मी एरवीही... कमी बोलणारा माणूस.

मग कळलं कशासाठी चाललंय. माझी बायको. शेवटची दोन वर्षं तिला श्वास पुरायचा नाही. खाटेजवळ ते पेटीएवढं यंत्र, तोंडावर मास्क, आणि घरघर. मुलगा बँकेत, मी पाळीवर. मास्क धरून बसायची ती सूनबाई. एक हात अवघडला की दुसरा. बायको गेली आणि महिन्याभरात हिने भट्टी बसवली. ‘आईंच्या मुठीत मावेल असं हवं होतं,’ एवढंच म्हणाली. त्या दोन वर्षांबद्दल मी तिला कधी काही बोललो नाही. कसं बोलतात ते? मला भट्टीशी बोलता येतं.

तर तिचा गाभा फुटायचा. दोन थरांचा करायची. औषधाच्या बाजूला मोठी भोकं, तारेच्या बाजूला बारीक. भोकं पडतात कशी? मातीत लाकडाचा भुसा कालवायचा, भट्टीत तो जळून जातो आणि त्याची जागा रिकामी राहते. जाड भुसा, मोठं भोक. पिठासारखा भुसा, बारीक भोक. पण भाजताना एक थर जास्त आक्रसतो, दुसरा कमी, आणि दोघं एकमेकांपासून सुटतात. एक दिवस ट्रेभर तुकडे समोर घेऊन बसली होती. मी बघितलं.

‘दोघांचं पटत नाहीये. मध्ये तिसरा घाल. मधल्या मापाच्या भुशाचा.’

‘एवढंच, बाबा?’

‘सासू-सुनेच्या मध्ये मुलगा उभा राहतो, तसा.’

‘तो उभा राहत नाही, बाबा. तो बँकेत जातो.’

पण घातला तिसरा थर. बाहेर जाड, मध्ये मध्यम, आत बारीक. शंभरातले सत्त्याण्णव शाबूत निघाले. यंत्र बनवणारी एक कंपनी म्हणाली, गाभा घेऊ, पण पेटंट असेल तरच. मग सूनबाईने पेटंटचा अर्ज लिहायला घेतला आणि त्यात माझं नाव घातलं. संशोधक क्रमांक दोन. चौथी पास. मी तो कागद तीन वेळा वाचला, दोनदा चष्म्याने आणि एकदा उगाच.

तेव्हा ती म्हणाली, ‘बाबा, एक सांभाळायचं. अर्ज दाखल होईपर्यंत चारचौघांत बोलायचं नाही. गोष्ट आधी जगजाहीर झाली की पेटंट मिळत नाही, मग ती आपणच सांगितलेली का असेना.’

मी म्हटलं, ‘मी? आणि बोलणार?’

आम्ही दोघंही हसलो. 

चौदा डिसेंबर. कारखान्याच्या कँटीनमध्ये आम्हा निवृत्त कामगारांचा मेळावा. तिथे ढवळ्या. ढवळ्या म्हणजे माती कालवणारा, मिक्सरवरचा, तीस वर्षं आमचं वाकडं. कांडी फुटली की तो म्हणायचा आच चुकली, मी म्हणायचो माती चुकली. तीस वर्षं दोघांनाही तिसरं वाक्य सुचलं नाही. तर हा कँटीनभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो, ‘काय भट्टीवाले, हल्ली घरी काय भाजता? पापड?’

सगळे हसले. आणि नेमका तेव्हाच कुणीतरी माझ्या हातात माईक दिला. ‘दोन शब्द बोला.’

चाळीस मिनिटं बोललो. कसं झालं, मला विचारू नका, एकेचाळीस वर्षांचं तुंबलेलं होतं, बूच निघालं आणि मग थांबतंय कुठलं... पापड काय, म्हटलं, अरे औषधाची वाफ करणारा गाभा करतो मी, तीन थरांचा, भोकाभोकांचा, भुसा असा, आच अशी, बाहेर हे, मध्ये ते, आत अमुक, आणि लोक माना डोलवतायत, आणि ढवळ्याचा चेहरा असा उतरत चाललाय की मी आणखी दहा मिनिटं वाढवली. कामगारांचं मासिक पत्रक काढणारा कारकून कोपऱ्यात बसून सगळं टिपून घेत होता. महिनाअखेर छापलं, फोटोसकट. मी ते पान लॅमिनेट करून कपाटाच्या दाराला आतून लावलं. रोज सदरा काढताना बघायचो. सूनबाईचा अर्ज दाखल झाला नऊ जानेवारीला. आधी काय आणि नंतर काय, हा हिशेब माझ्या डोक्यात आलाच नाही. इतका हुशार मी.

दोन वर्षांनी पेटंट कार्यालयातून पत्र आलं. सूनबाई जेवणाच्या टेबलापाशी उभ्याउभ्या वाचत होती. तपासनीस बाईंनी लिहिलं होतं, ही वस्तू नवी नाही, तीन थर आणि वेगवेगळ्या मापाची भोकं अर्जाच्या आधीच जाहीर झालेली आहेत, थरांचा क्रम काय कुणीही बदलेल, पुरावा सोबत. तिने पान उलटलं. पुराव्यात माझा फोटो. हातात माईक.

धरणी दुभंगून पोटात घेते म्हणतात. आमच्याकडची फरशी पक्की निघाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कागदाची घडी घातली आणि विचारलं, ‘बाबा, भाजी वाढू?’ तीन वर्षांचं काम मातीत, म्हणजे मातीतलंच काम मातीत, आणि ही विचारते भाजी वाढू. कमी बोलणाऱ्या माणसाने जन्मात एकदा तोंड उघडलं, आणि उघडलं तेही कुठे?

तिसऱ्या दिवशी पेटंटचा वकील आला. काडीसारखा पोरगेला माणूस. त्याने माझं पान हातात घेतलं, मीच कपाटावरून सोलून दिलं, आणि मोठ्याने वाचायला लागला. ‘बाहेरच्या थरात जाड भुसा, मधल्यात सगळ्यात बारीक, आतल्यात मध्यम...’

‘थांबा,’ सूनबाई म्हणाली. ‘मध्ये सगळ्यात बारीक? बाबा, आपला मधला तर मध्यम आहे.’

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. आता काय सांगणार? भट्टीवाल्यांची एक रीत असते. कुणी कृती विचारली तर सांगायची, सगळी सांगायची, पण एक गोष्ट उलटी सांगायची. माझ्या उस्तादाने मला पहिली दोन वर्षं आच उलटी सांगितली होती, शेकडो कांड्या फोडल्या तेव्हा माझं मला कळलं, आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी त्याने पाठ थोपटली. मीही पुढे तसंच केलं. कँटीनमध्ये खोटं बोलायचं असं मनात नव्हतं, देवाशपथ नव्हतं. जीभ आपली सवयीने वळली.

‘म्हणजे छापलंय तसं केलं तर?’ वकिलाने विचारलं.

‘फुटतं. दरवेळी.’

तो खुर्चीतून उठलाच. ‘आजोबा, हे फार उत्तम झालं.’

‘काय उत्तम?’

‘वाचून कुणालाच करता येत नसेल तर ते जाहीर झालं असं म्हणता येत नाही. फक्त एक सिद्ध करायचं. तुम्ही भर सभेत खोटं सांगितलंत.’

ऐकलंत? एकेचाळीस वर्षं ज्याच्या डोळ्यावर मीटर दुरुस्त व्हायचे, त्याने सरकारदरबारी जाऊन सिद्ध काय करायचं, तर आपण खोटं बोललो. मी सूनबाईकडे बघितलं. ती म्हणाली, ‘नको बाबा. राहू दे.’ राहू दे म्हणाली म्हणूनच राहू देता येईना.

‘पण तुम्ही स्वतः फोडून दाखवलंत तर बाई म्हणतील मुद्दाम फोडलं,’ वकील म्हणाला. ‘बाहेरच्या कुणी ते वाचून करून बघितलंय का? आणि फसलाय का?’

कोण करून बघणार, ते मला तिथेच कळलं.

ढवळ्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. प्रत्येक पायरीला वाटत होतं, परत फिरावं. त्याने दार उघडलं.

‘अरे वा, भट्टीवाले. पापड आणलेत?’

‘ढवळ्या, पत्रकात छापलेलं ते तू करून बघितलंस?’

‘मी? मला दुसरे उद्योग नाहीत?’

आतून त्याची बायको म्हणाली, ‘अहो, मग पलंगाखालचा डबा कसला आहे? केर काढताना रोज पायात येतो.’

बिस्किटांचा डबा. आत त्रेसष्ट गाभे, सगळे फुटलेले, प्रत्येकाला चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. जावयाची कुंड्यांची भट्टी आहे, तिथे चोरून भाजत होता. दोन वर्षं. खाली बघत म्हणाला, ‘मला वाटलं, माझी माती चुकतेय.’

तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाला हे. आणि म्हणाला कधी, तर जेव्हा ते खरं नव्हतं.

‘माती बरोबर होती,’ मी म्हटलं. ‘मी चुकीचं सांगितलं.’

तो खुर्चीत बसला. ‘परत म्हण.’

‘माती बरोबर होती.’

‘अगं, बाहेर ये. हात पूस आणि बाहेर ये. हं, आता म्हण.’

तीन वेळा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा शेजारीण दारात होती.

सुनावणीला ढवळ्या इस्त्रीचा सदरा घालून आला, मांडीवर डबा. स्वतःच्या लग्नात एवढा खूश नसेल. लांब टेबल, पलीकडे तपासनीस बाई, पेन्सिल कानावर, चेहऱ्यावर काही नाही.

‘तुमचं म्हणणं सांगा.’

‘बाई, हा माणूस खोटारडा आहे.’

‘या प्रकरणापुरतं बोला.’

‘या प्रकरणातसुद्धा.’

बाईंनी भिंग काढलं. एकेक गाभा बघत गेल्या, पंधरावीस झाल्यावर थांबतील म्हटलं तर त्रेसष्टही बघितले. सगळे एकाच जागी फुटलेले, मधल्या थरापाशी. मग सूनबाईचा शाबूत गाभा बघितला. मग मला.

‘तुम्ही भर सभेत चुकीची माहिती दिलीत?’

‘दिली.’

‘का?’

आता या ‘का’ला उत्तर द्यायचं तर उस्तादापासून सुरुवात करायला हवी, आणि पापडापर्यंत यायला हवं. चाळीस मिनिटं सहज लागली असती. सूनबाई माझ्याकडे बघत होती.

‘सवय,’ मी म्हटलं.

बाईंनी ते लिहून घेतलं. एक शब्द. कमी बोलणारा माणूस मी, म्हणून सांगतो, जन्मात एवढा जड शब्द काढला नव्हता.

पेटंट मिळालं. निकालाच्या कागदावर काय लिहिलंय, आता ऐका. ‘संशोधक क्रमांक दोन यांनी दिनांक चौदा डिसेंबर दोन हजार एकोणीस रोजी सांगितलेली पद्धत चालत नाही, व ती ऐकून जगातील कोणाही जाणकारास ही वस्तू तयार करता येणार नाही, हे पुराव्याने सिद्ध झाले आहे.’ माझं नाव, शिक्का, सही. ढवळ्याने त्याची प्रत लॅमिनेट करून घेतली. कपाटाच्या आत नाही लावली. दारासमोर लावली. दूधवाल्यालासुद्धा वाचून दाखवतो.

कंपनीकडून पहिलं तयार यंत्र आलं त्या दिवशी सूनबाईने ते माझ्या हातात ठेवलं आणि माझी बोटं मिटली. मुठीत मावलं.

मी म्हटलं, ‘तू दोन वर्षं मास्क धरून बसलीस.’

तिने माझी मूठ सोडली. मग म्हणाली, ‘आणि तुम्ही तिथे बाईंसमोर उभे राहिलात. फिटलं, बाबा.’

‘फिटलं?’

‘फिटलं.’