ओटीतला मूठभर कापूस

हसू नका, पण माह्या सासूनं मले भर वावरात रडवलं बाप्पा!

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्सं झालती. लग्नाच्या सातव्या वर्षी मले दिवस गेले. तोवर वांझोटी म्हणणारी सासू मले बाजेवरून उठूच देईना. सुईण भडकली, "बसवून काऊन ठेवली? हिंडू दे, कापूस वेचू दे. फक्त वझं नको!"

मी लुगड्याची ओटी कमरेले बांधून वेचाले गेली. सासू मागंमागं. ओटी जराशी भरली का गाठोड्यात रिकामी करे, "वझं होईन."

दिवस मावळता मी ओटी सोडाले लागली, तर तिनं हात धरला. गाठोड्यातला मूठभर कापूस परत माह्या ओटीत टाकला.

म्हणे, "रिकाम्या ओटीनं घरी नाई जाचं, माय."