गोमा वैदाला मी ढकलले नाही

माझे नाव गोदूबाई, नवऱ्याचे नाव हिरू, वय अंदाजे चाळीस, धंदा भातशेती, राहणार भिसेगाव, तालुके कर्जत. सन १८९४ च्या मार्गशीर्षात फौजदारसाहेबांनी समक्ष विचारले, त्यावरून सांगते की,

माझी सासू सोनुबाई हिला म्हातारपणी भ्रम झाला आहे. ती स्वतःला नवी नवरी समजते आणि मला आपली सासू. माझ्यापुढे डोईवरचा पदर ढळू देत नाही. इतकी वर्षे मी तिच्या धाकात काढली, तेव्हा हे मला आवडले नाही असे खोटे सांगणार नाही.

ती ऊठसूट खालापूरला माहेरी जायला निघते. तिथे आता तिचे कोणी उरलेले नाही. म्हणून नवऱ्याने गोमा वैदाकडून झोपेच्या अफूच्या गोळ्या आणल्या. दिवेलागणीला एक द्यायची, ती मी देत होते. भाताच्या झोडणीला नणंद विमलबाई आली. सासू तिला सांगे, मला गोळी मिळालीच नाही. मग नणंदही एक देई. हे मला ठाऊक नव्हते. सासू ओटीवरून पडली, गोठ्यात पडली आणि शेवटी शेणाच्या पाटीत जाऊन बसली. तिथून तिला मी ओढून काढले. नणंदेने तेवढेच पाहिले आणि मी ढकलले अशी फिर्याद दिली. नवरा म्हणाला, तुला माहेरी पाठवणार. मला त्याचा फार राग आला आणि रडूही आले.

आज चौकीत गोमा वैद म्हणाला की, त्याच्या गोळीने कोणी पडत नाही. खात्रीसाठी त्याने दोन गोळ्या गिळल्या आणि बराच वेळ आपल्या औषधाचे गुण सांगत राहिला. मग पागोटे घालून उठला तो जमादारांच्या अंगावर पडला. मी तेव्हा पलीकडे भिंतीला टेकून होते. त्याला मी ढकलले नाही. तो अजून उठलेला नाही, पण घोरतो आहे.

नणंद तरी ऐकेना. तेव्हा फौजदारसाहेबांनी सासूलाच विचारले. ती पदर सावरून म्हणाली, "सासूबाईंना काय बोलू नका. मी पडले तवा त्यांनीच मला उचललं. घर त्यांचं हाय, त्यांना कोन काढनार?"

नणंदेने फिर्याद मागे घेतली. उरलेल्या गोळ्या साहेबांनी ठेवून घेतल्या.

हा जबाब मला वाचून दाखवला, मी बोलले तसाच आहे. 'माहेरी पाठवणार' एवढे शब्द खोडावेत, असे नवरा दारातून म्हणतो आहे. ते राहू द्यावेत.

सही येत नाही म्हणून निशाणी बांगडी.