फाटकापाशी चाळीस मिनिटं

सभेचे अध्यक्ष आणि आपल्या वित्क्लिप गावाचे नगराध्यक्ष माननीय श्री. सारेल बेउक्स, रेडिओ दुर्बीण प्रकल्पाचे जनसंपर्क अधिकारी व आजचे प्रमुख पाहुणे श्री. फान झेल, गावच्या रुग्णवाहिकेचे चालक आणि आजचे सत्कारमूर्ती दाविद फिवर्स, ज्यांना हे अख्खं गाव काकांच्या मानानं दाविद ऊम म्हणतं, आणि मेंढ्यांची कातरणी अर्धी टाकून, कपड्यांवरची लोकर झटकत इथं येऊन बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी सिस्टर द्रीका ओलेन. गावच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं आहे. अध्यक्षांनी मला बोलायला पाच मिनिटं दिली आणि वर कानात सांगितलं, "सिस्टर, आज जरा गोड बोला हं." अध्यक्षमहाराज, गोड हवं असेल तर मागच्या टेबलावर दुधाचे टार्ट ठेवलेत. माझ्याकडून आज ती अपेक्षा करू नका.

निमंत्रणपत्रिका सगळ्यांनी वाचली असेलच. 'वयोमानानुसार सन्मानपूर्वक निवृत्ती.' दाविद ऊमचं वय अठ्ठावन्न. निवृत्ती साठाव्या वर्षी. मग मधली दोन वर्षं कुठं गेली? का गेली, ते या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि सगळे टाय लावून गप्प बसलेत.

आणि ही भेट! फान झेल साहेबांनी आत्ताच मोठ्या कौतुकानं उघडून दाखवली. मनगटी घड्याळ. ते म्हणे हृदयाचे ठोके मोजतं, माणूस कोसळला तर आपणहून फोन लावतं आणि रुग्णवाहिका बोलावतं. टाळ्या वाजवल्यात तुम्ही. अहो, दाविद ऊमचं घर दुर्बिणीच्या हद्दीवरच्या फाटकाच्या पलीकडं आहे. तिथं मोबाइल चालत नाही, चालू ठेवायलाही बंदी. दुर्बिणीच्या तबकड्यांना त्याचा गोंगाट होतो. म्हणजे घरी पोचल्यावर ऊमनी हे घड्याळ बंद करून कपाटात ठेवायचं. आणि समजा, लागलाच फोन, तरी रुग्णवाहिका चालवणार कोण? तिच्या चालकाला तर तुम्ही हे घड्याळ देऊन घरी पाठवताय! याला सत्कार म्हणायचं की जखमेवर मीठ चोळणं?

नाही, नाही, टाळ्या नकोत. आधी ऐकून घ्या.

मी विज्ञानाची वैरी नाही. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली आकाशगंगांची कुजबुज या कारूच्या माळावर ऐकू येते, याचा मलाही अभिमान वाटला होता. शाळेतल्या मुलांना तबकड्या दाखवायला मीच घेऊन गेले होते. शांतता हवी म्हणून आम्ही मोबाइल सोडले. पेट्रोलच्या गाड्या नकोत, त्यांच्या ठिणगीचाही तबकड्यांना गोंगाट होतो, म्हणालात. आम्ही त्या विकल्या. बदल्यात काय मागितलं? माणूस आजारी पडला तर कळवायची काहीतरी सोय. 'समिती नेमली आहे,' हे उत्तर आम्ही सहा वर्षं ऐकतोय.

समितीचं गाडं हलेना, तेव्हा सोय केली ती दाविद ऊमनी. प्रत्येक मळ्यावर जाऊन त्यांनी सांगितलं, "हे बघा, घरात कुणी आजारी असेल तर पवनचक्कीवर पांढरी चादर बांधा. जिवावर बेतलं असेल तर लाल घोंगडं. मी रोज सकाळी सातला गाडी घेऊन फाटकापाशी टेकडीवर असेन." आणि सहा वर्षं, थंडीवाऱ्यात, रविवारसुद्धा न चुकवता, हा माणूस गळ्यात दुर्बीण अडकवून त्या टेकडीवर उभा राहिला. त्यांच्या पत्नी म्हणायच्या, "आमच्या घरात दोन दुर्बिणी. एक सरकारची, दुसरी माझी सवत!" हसा, हसा. पण त्या सवतीमुळं या सभागृहातली निदान वीस माणसं आज आपल्या पायांवर चालत आलीत.

गेल्या वर्षी जुनी, बिनठिणगीची डिझेलची रुग्णवाहिका दुरुस्तीला जिल्ह्याला गेली, ती गेलीच. तिच्या जागी नवी कोरी आली. आत पडदे, दिवे, उपग्रहाशी बोलणारं यंत्र, आणि इंजिन पेट्रोलचं! नाकापेक्षा मोती जड. फाटकापलीकडच्या लोकांसाठी आणलेली गाडी, आणि तिलाच फाटकापलीकडं मज्जाव. न्यायची तर आधी दुर्बिणीच्या नियंत्रण कक्षाची परवानगी घ्यायची. ही गाडी कुणी निवडली, हे विचारलं की जो तो कानावर हात ठेवतो.

आता त्या मंगळवारचं सांगते. ब्राकवाल मळ्यावर लेनी होर्न बाळंत झाली. बाळ आलं, वार अडकली, रक्त थांबेना. नवरा दूरच्या मळ्यावर कातरणीला. घरात फक्त सासू, मीता आँटी, वय वर्षं एकाहत्तर, गुडघे दुखतात म्हणून दर महिन्याला माझ्याकडं गोळ्या नेणारी. ही बाई दातात घोंगडं धरून पवनचक्कीच्या शिडीवर चढली. मी नंतर विचारलं, "आँटी, भीती नाही वाटली?" म्हणाली, "वाटली गं. पण सुनेकडं बघून जास्त वाटत होती."

सात वाजता दाविद ऊमनी लाल घोंगडं पाहिलं आणि फाटकावरच्या तारेच्या फोनवरून दवाखान्यात फोन केला. मी नियंत्रण कक्षाला केला. एक तरुण आवाज अगदी सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, निरीक्षण चालू आहे. चाळीस मिनिटांत संपेल. तोवर गाडी आत सोडता येणार नाही."

पुढचं तुम्हाला चौकशी अहवालातून माहीत आहे. दाविद ऊम फाटक तोडून आत गेले. चौदा किलोमीटर. लेनीला घेऊन आले. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, अजून पंधरा मिनिटं गेली असती तर हाती काही लागलं नसतं. ती बघा, तिसऱ्या रांगेत बसलीय, मांडीवर पोरगी आहे. आणि ऊमवर ठपका काय? 'निरीक्षणाची अपरिमित हानी.' फान झेल साहेब, ज्या आकाशगंगेचा आवाज इथं पोचायला अब्जावधी वर्षं लागली, तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकता आलं नसतं? ती काय कुठं पळून चालली होती?

बसा, साहेब. तुम्ही काल माझ्या घरी येऊन सांगितलंत की तुमचाही नाइलाज आहे, वरून दबाव आहे. असेल. पण हे घड्याळ घेऊन इथं यायला तर कुणी जबरदस्ती केली नव्हती ना?

माझी पाच मिनिटं केव्हाच संपली. अध्यक्ष घंटीकडं बघताहेत. पण अहवालात एक गोष्ट अर्धीच आली आहे, ती पुरी करते.

अहवालाच्या फॉर्ममध्ये प्रश्न होता : 'चालकास थांबण्याची सूचना दिली होती काय?' त्यापुढं 'होय' असं लिहून खाली सही आहे. त्या एका शब्दावर दाविद ऊमची नोकरी गेली. सही कुणाची आहे, हे गावात कुणी विचारलं नाही.

ती सही माझी आहे.

मीच ऊमना फोनवर सांगितलं, "ऊम, चाळीस मिनिटं थांबा." ते म्हणाले, "सिस्टर, लाल आहे. लाल." मी म्हटलं, "मला कळतंय, पण नियम आहे." त्यावर ते म्हणाले, "बरं, मग तुम्ही थांबा," आणि फोन ठेवला. एकोणीस वर्षं बाळंतपणं करणारी मी, लाल घोंगड्याचा अर्थ मला कळत नव्हता? कळत होता. मला माझ्या नोकरीची भीती वाटली. ऊमनी माझं ऐकलं असतं, तर आज लेनी चर्चमागच्या मातीत असती, ऊम नोकरीत असते, आणि मला नियम पाळल्याबद्दल शाबासकी मिळाली असती. मघापासून सगळ्यांवर आगपाखड करतेय मी. सर्वांत जास्त राग मला माझा आलाय.

आज सकाळी जिल्हा कार्यालयाला पत्र पाठवलंय, त्याची प्रत अध्यक्षांच्या समोर ठेवते. सूचना माझी होती आणि ती चुकीची होती, असं त्यात लिहिलंय. घरी पाठवायचंच असेल, तर मला पाठवा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला काही लागलं असेल, तर ते लागावं म्हणूनच बोलले. त्याची माफी मागत नाही. माफी मागायची आहे ती एकाच माणसाची. दाविद ऊम, त्या सकाळी मी तुम्हाला थांबा म्हटलं. मला क्षमा करा. नाही, ऊम, टोपी काढू नका. माझ्यासमोर तर मुळीच नको.

आणि अध्यक्षमहाराज, नवा चालक अजून नेमलेला नाही. उद्या सकाळी सात वाजता टेकडीवर कोण असणार, एवढं या सभेला सांगा. तुमचं उत्तर येईपर्यंत मी या माइकपासून हलत नाही.