टेबलाखालची जागा

— मावशी, आधी टेबलाखालून बाहेर या बघू. संग्रहालय आहे हे. पाटी वाचली नाहीत का?

— वाचली. ‘लेखक या टेबलाशी एकांतात लिहीत असत.’ म्हणे एकांतात! अरे, त्यांच्या पायाशी मी बसलेली असायचे. लेक आहे मी त्यांची.

— काय सांगता! पण मी पडलो सुतार. इथल्या मॅडमनी सांगितलंय, ही खालची फळी काढून नवी बसव. पार खड्डे पडलेत तिला.

— ते माझे ठोके आहेत. फळीला हात तर लावून बघ!

— तुमचे?

— बाबा पान लिहिलं की मोठ्याने वाचायचे. परसदारची किल्ली माझ्या हातात. फळीवर एक ठोका, पान राहिलं. दोन ठोके, रद्दीच्या टोपलीत. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “अहो, आठ वर्षांच्या पोरीला काय विचारता?” बाबा म्हणायचे, “हिला जांभई आली की वाचक घोरायला लागलाच म्हणून समज.”

— आणि कधी उगाच दोन वाजवलेत?

— लिमलेटची गोळी मिळाली नाही की हमखास. गोष्टीतल्या एका म्हाताऱ्याचं मरण त्यापायी तीनदा लिहिलं बिचाऱ्यांनी.

— सरका जरा, बॅटरी मारू द्या. हे मधले तुमचे. मग खुर्चीच्या बाजूचे कोणाचे?

— तिकडे बाबांचे पाय असायचे. मी कशी मारणार?

— खुणा त्याच किल्लीच्या दिसतात. पण हात मोठ्या माणसाचा. खुर्चीत बसून, खाली हात घालून मारलेत.

— अगं बाई! मी शिकायला बाहेरगावी निघाले, तेव्हा किल्ली त्यांना देऊन गेले होते. वर बाबा मलाच म्हणाले, “जा गं, तुझ्यावाचून काही अडत नाही.” लबाड कुठले! किती आहेत रे?

— पुष्कळ. पण सगळे दोन-दोनच. एकटा ठोका एकही नाही.

— नसणारच. मी सुट्टीत घरी आले, की मी चपला काढायच्या आत बाबा पानांचा गठ्ठा घेऊन वाचायला बसायचे. टोपलीत काय घालायचं ते स्वतः ठरवायचे, पण शाबासकीचा एक ठोका माझाच लागायचा त्यांना. आणि मी कंटाळायचे रे, मेली! आज कळतंय.

— रडू नका मावशी. मॅडमना सांगतो, फळी अजून मजबूत आहे, बदलायची गरज नाही.

— टक् टक्.

— बरं! मग सांगतो, हे बापलेकीचं काम आहे, मी रंधा लावणार नाही. दुसरा सुतार बघा.

— टक्.

— राहिलं पान. द्या आता हात, उठवतो तुम्हाला.