आरसे पोचवायचे कुणी

तिचे बाबा वारले, त्याच्या आदल्या दिवशीही ते दुकानातले आरसे गिऱ्हाइकांकडे स्वतःच पोचवायला निघाले होते. तिने वाहतूक कंपनीचे दर पुढे केले, तर ते हसून टेम्पोत बसले. महिन्याभराने ती एकटीच त्या कंपनीच्या ऑफिसात करार करायला आली होती. शेजारच्या बाकावर लाकडी कपाटं बनवणारे एक गृहस्थ लेकीशी वाद घालत होते.

"अप्पा, सगळीच पोचवणी यांना देऊ. स्वस्त पडेल."

"लांबची दे. शहरातली मी करणार."

"शहरातलीच स्वतः केली की महाग पडते."

"यांची माणसं कपाट दारात टेकवून पळतील. दार तिरकं लागलं तर कोण बघणार?"

"आपला सुतार जाईल."

"आणि मी दुकानात शोभेला बसू?"

"बसा की. गिऱ्हाइकांची करमणूक होईल."

"तिसऱ्या मजल्यावर कपाट चढवतो मी अजून."

"दर बघा ना, अप्पा."

"सकाळपासून दर, दर. खरं कारण सांग."

लेकीने दरांचा कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. तेव्हा शेजारी बसलेल्या तिला राहवलं नाही.

"काका, त्या जिन्यात तुम्हाला काही होईल म्हणून ती घाबरते. मीही घाबरायचे. बाबांना मात्र दरच दाखवत राहिले."