चौदावी ओळ

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि माझ्या थोरल्या मावशी विनिफ्रेड, व्यासपीठावर बसलेले पास्टर एल्टन, अॅलिस स्प्रिंग्ज शहरातून तीन तास धूळ खात आलेले पाहुणे, सत्कारमूर्ती मार्लीनताई आणि आमच्या गायकवृंदातल्या बायांनो, सर्वांना लोरेटाचा नमस्कार. दाराशी पसरलेल्या कुत्र्यांनाही नमस्कार, कारण ताईंना निम्मं काम त्यांनीच पुरवलं.

हसताय काय? आपण चर्चमध्ये डोळे मिटून गायचो आणि नेमकं आमेनच्या आधी कोणीतरी भुंकायचं. ताई आपल्या रेडिओच्या खोलीत संगणकासमोर बसून ते भुंकणं तांदळातल्या खड्यासारखं वेचून काढायच्या. प्रत्येकीपुढे एक माइक, पडद्यावर प्रत्येकीची एक ओळ. चौदा बाया, चौदा ओळी. मी कितीदा तरी तिथे नुसती बसून राहिले आहे. बाहेर ऊन, आत पंखा, आणि पडद्यावर आपले आवाज रेघा होऊन हळूहळू डावीकडे वाहत चाललेले. आपली नदी वर्षातून एकदा वाहते. ताईंच्या खोलीत ती रोज वाहायची.

आता एक सांगते. मावशी, सांगू ना? मान हलली, म्हणजे सांगते.

सात वर्षांपूर्वी आपण शेवटचं रेकॉर्डिंग केलं आणि महिन्याभरात माझी आई गेली. गेलेल्या माणसाचं नाव, फोटो, आवाज, सगळं बाजूला ठेवायचं, घरचे म्हणेपर्यंत बाहेर काढायचं नाही, त्याच नावाच्या दुसऱ्या कुणालाही त्या नावानं हाक मारायची नाही, ही आपली रीत इथे कुणाला सांगायला नको. पण चौदाव्या ओळीत आई गात होती. मी दुःखानं वेडीपिशी झाले होते. ताईंकडे गेले आणि म्हणाले, "पुसून टाका. एक श्वाससुद्धा ठेवू नका."

"लोरेटा, आधी चहा घे."

"चहा नको. पुसा."

"बरं. कुणाला ऐकू येणार नाही."

चार महिने लागले त्यांना. आईचा आवाज शेजारणींच्या माइकमध्येही सांडला होता, तो त्यांनी श्वासाश्वासानं टिपून घेतला. तेरा जणींची सीडी निघाली, रेडिओवर वाजली. आणि मी? दुःख थोडं निवल्यावर कळलं, आपण काय करून बसलो. आईला मी दोनदा पुरलं होतं. त्या खोलीची पायरी मी पुन्हा चढले नाही. कोणत्या तोंडानं चढणार होते?

गेल्या महिन्यात मावशी म्हणाल्या, "आता पुरे. आता तिला ऐकू या." सगळ्या खूश झाल्या आणि मी चर्चच्या मागे जाऊन रडत बसले. ताईंनी तिथे येऊन माझं मनगट धरलं.

"रडतेस कशाला? चल."

"काय ऐकणार, ताई? मीच पुसायला लावलं ना."

"पुसलं असं मी कधी म्हटलं? तुझ्या थोरल्या मावशीनं मला तो आवाज नुसता बाजूला ठेवायला सांगितलं होतं. तू काय तिच्यापेक्षा मोठी लागून गेलीस?"

पडद्यावर तेरा ओळी होत्या आणि सगळ्यांत खाली एक करडी, बंद केलेली. तिच्यावर आईचं नाव लिहायची सोय नव्हती, म्हणून ताईंनी लिहिलं होतं, 'झोपू दे'. सात वर्षांत तीन संगणक बदलले. दर वेळी ताईंनी त्या ओळीला जपून नव्या घरी नेलं आणि सीडी निघाल्यापासून स्वतः ती एकदाही ऐकली नाही.

त्यांनी कळ दाबली. गाणं सुरू व्हायच्या आधी आई कुजबुजली, "लोरेटा, सरळ उभी राहा." मी एक्कावन्न वर्षांची बाई, त्या खोलीत ताठ उभी राहिले.

ताई, मी तुमची फार ऋणी आहे. सात वर्षं तुमच्यापासून तोंड लपवलं, त्याची आज सर्वांसमक्ष माफी मागते. पाहुण्यांचे आणि बाहेर कांगारूच्या शेपट्या भाजत बसलेल्या मंडळींचे आभार. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मला आपलं म्हणून पदरात घ्या.

आता चौदाही ओळी वाजतील. त्याआधी एकच. तिसऱ्या रांगेत बसलेली ती, माझ्या आईच्याच नावाची, जिला आपण सगळे सात वर्षं 'बिननावाची' म्हणून हाक मारत आलो. बाई, तुझं नाव तुला परत देते.

माझ्या आईचं नाव एडवीना.

सरळ उभ्या राहा गं सगळ्याजणी.